संगणकातलं फारसं कळत नाही अशांसाठी नेटवर्कची सुरक्षित सेटिंग्ज

ऑगस्ट २००३मध्ये ब्लास्टर नावाचा वर्म (संगणकाकडून संगणकाकडे आपोआप पसरणारा घातक प्रोग्रॅम) पसरला, तेव्हा विंडोज एक्सपीमध्ये फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणारे नको ते संपर्क अडवणारी सोय, होती. २००१पासूनच होती. पण ती बंद अवस्थेत यायची आणि चालू कुठून करायची हे सामान्य माणसाला ठाऊक नसायचं. कुठलीही लिंक न दाबता, कुठलीही फाइल न उघडता, संगणक नुसता इंटरनेटला जोडला तरी वर्म आत शिरायचा. वर्षभराने, ऑगस्ट २००४मध्ये, मायक्रोसॉफ्टने एक्सपीसाठी सर्व्हिस पॅक २ हे मोठं अपडेट आणलं आणि फायरवॉल आपोआप चालू राहील अशी सोय केली. ज्यांनी फायरवॉल हा शब्दही ऐकला नव्हता, त्यांनाही त्या दिवसापासून संरक्षण मिळू लागलं.

बहुतेक लोक सेटिंग्ज बदलत नाहीत. पहिल्या दिवशी जे असतं, तेच ते उपकरण अडगळीत जाईपर्यंत राहतं. म्हणून तुम्ही स्वतःचा संगणक लावत असा किंवा आई-वडिलांचा, मित्राचा, छोट्या कार्यालयाचा, सुरुवातीला एकदा बसून सगळं नीट लावणं हे नंतर दिलेल्या शंभर सूचनांपेक्षा जास्त उपयोगी पडतं. वापरणाऱ्याला पुढे रोज काही आठवावं लागणार नाही, कुठल्या खिडकीत 'हो' म्हणायचं आणि कुठल्या खिडकीत 'नाही' याचा विचार करावा लागणार नाही, अशी मांडणी करायची.

त्यासाठी एकच नियम पुरतो: आतून बाहेर जाणारं चालू, बाहेरून आत येणारं बंद. वेबसाइट पाहणं, मेल, व्हिडिओ कॉल, पैसे भरणं या सगळ्याची सुरुवात तुमच्या संगणकाकडून होते. बाहेरच्या कुणाला आपणहून तुमच्या संगणकाशी संपर्क साधू द्यावा लागेल, असं काम घरगुती वापरात क्वचितच असतं. जे उघडायचं त्याचं कारण एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल, तर ते बंद ठेवा.

सुरुवात राउटरपासून

संगणकाआधी राउटर, म्हणजे घरभर इंटरनेट वाटून देणारी पेटी, कारण घरातलं प्रत्येक उपकरण त्याच्यामागे बसलेलं असतं. राउटरच्या खाली किंवा मागे लेबल असतं. त्याच्या सेटिंग्जच्या पानाचा पत्ता, युजरनेम आणि पासवर्ड बहुधा त्यावर छापलेला असतो. पत्ता साधारणपणे १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा असतो. राउटरला जोडलेल्या संगणकावर ब्राउझरच्या ॲड्रेस बारमध्ये तो इंग्रजी आकड्यांत टाका. बऱ्याच नव्या राउटरना मोबाइल ॲपही असतं, त्यातूनही ही सगळी कामं होतात.

इथे एक गोंधळ हमखास होतो, तो आधीच दूर करूया. राउटरला दोन वेगवेगळे पासवर्ड असतात. एक वाय-फायचा, जो आपण घरी आलेल्यांना सांगतो. दुसरा ॲडमिनचा, ज्याने राउटरची सेटिंग्ज उघडतात. लोक पहिला बदलतात आणि दुसरा कारखान्यातून आला तसाच ठेवतात. धोका मात्र दुसऱ्यात जास्त आहे. २०१६मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने (घातक प्रोग्रॅमने) कॅमेरे, व्हिडिओ रेकॉर्डर आणि राउटर यांचा मोठा ताफा ताब्यात घेतला. त्यासाठी त्याच्याकडे कुठलं अवघड तंत्र नव्हतं. कारखान्यातून येणाऱ्या साठेक युजरनेम-पासवर्डच्या जोड्यांची यादी होती आणि तो त्या एकामागून एक लावून बघत होता. २१ ऑक्टोबर २०१६ला याच ताफ्याच्या जोरावर डिन या डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) पुरवणाऱ्या कंपनीवर हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा कित्येकांना काही तास उघडता आल्या नाहीत. ज्यांची उपकरणं त्यात वापरली गेली, त्यांना बहुधा कळलंही नसेल. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४पासून सगळ्या उपकरणांना एकच सोपा डीफॉल्ट पासवर्ड देऊन विकण्यावर कायद्याने बंदी आली आहे, ती याच अनुभवातून. पण घरात आधीपासून असलेल्या राउटरची काळजी आपल्यालाच घ्यावी लागते.

म्हणून पहिलं काम: ॲडमिन पासवर्ड बदला. तो वाय-फायच्या पासवर्डपेक्षा वेगळा ठेवा. पासवर्ड मॅनेजर वापरत असाल तर त्यात साठवा. नसाल तर कागदावर लिहून घरातच सुरक्षित जागी ठेवा. पासवर्ड कागदावर लिहू नये हा सल्ला कार्यालयातल्या टेबलासाठी बरोबर आहे. घरातल्या राउटरबाबत मला तो पटत नाही. हजारो मैलांवरून प्रयत्न करणाऱ्याला तुमच्या कपाटातला कागद दिसत नाही.

दुसरं काम: वाय-फायचं एन्क्रिप्शन, म्हणजे माहिती इतरांना वाचता येऊ नये म्हणून ती सांकेतिक करण्याची पद्धत, तपासा. 'वायरलेस सिक्युरिटी' या भागात डब्ल्यूपीए३ ही नवी पद्धत असेल तर ती निवडा. घरात जुनी उपकरणं असतील तर डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ एकत्र चालवणारा पर्याय घ्या. तोही नसेल तर डब्ल्यूपीए२, आणि सोबत एईएस. टीकेआयपी या जुन्या पद्धतीचं नाव लिहिलेला कुठलाही पर्याय नको. डब्ल्यूईपी ही त्याहून जुनी पद्धत तर अजिबात नको, कारण त्यातल्या त्रुटी २००१मध्येच जगजाहीर झाल्या आणि ते आज काही मिनिटांत फोडता येतं. एखादं जुनं उपकरण फक्त डब्ल्यूईपीवरच चालत असेल, तर त्या एका उपकरणासाठी सगळ्या घराचं संरक्षण खाली आणू नका.

वाय-फायचा पासवर्ड लांब हवा. डब्ल्यूपीए२मध्ये ८ ते ६३ अक्षरांचा चालतो. आठ अक्षरांत तीन चिन्हं कोंबण्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द सलग लिहिणं चांगलं. लांबी महत्त्वाची असण्याचं कारण असं: डब्ल्यूपीए२मध्ये एखादं उपकरण जोडलं जाताना होणारी देवाणघेवाण जवळपासच्या कुणालाही हवेतून पकडता येते. मग तो माणूस आपल्या घरी बसून, तुमच्या राउटरला पुन्हा हात न लावता, लाखो पासवर्ड लावून पाहू शकतो. छोटा पासवर्ड तिथे टिकत नाही. २०१८मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए३ने हीच पळवाट बुजवली. त्यात प्रत्येक अंदाजासाठी राउटरशीच बोलावं लागतं.

तिसरं काम म्हणजे राउटरमधली तीन दारं बंद करणं.

पहिलं दार डब्ल्यूपीएस. बटण दाबून किंवा आठ आकडी पिन टाकून उपकरण जोडण्याची ही सोय आहे. आठ आकडी पिन म्हटली की दहा कोटी शक्यता असाव्यात असं वाटतं. पण राउटर पहिले चार आकडे वेगळे तपासतो आणि पुढचे तीन वेगळे. शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो. त्यामुळे दहा हजार आणि एक हजार, असे जास्तीत जास्त अकरा हजार प्रयत्न पुरतात. ही त्रुटी २०११च्या डिसेंबरमध्ये उघड झाली. डब्ल्यूपीएस बंद करा. नवं उपकरण जोडताना पासवर्ड टाइप करण्याचा त्रास वर्षातून दोन-चारदाच होतो.

दुसरं दार 'रिमोट मॅनेजमेंट', म्हणजे इंटरनेटवरून राउटरची सेटिंग्ज उघडण्याची सोय. काही राउटरमध्ये याला 'रिमोट ॲक्सेस' किंवा 'वॅनवरून ॲक्सेस' म्हणतात. नाव काहीही असो, बंद.

तिसरं दार यूपीएनपी. यामुळे घरातलं कुठलंही उपकरण किंवा प्रोग्रॅम राउटरला परस्पर सांगू शकतो की बाहेरून येणाऱ्यांसाठी अमुक पोर्ट (संपर्काची ठरावीक वाट) उघड, आणि राउटर कुणालाही न विचारता ते करतो. काही ऑनलाइन खेळ आणि गेम कन्सोल याचा उपयोग करतात. घरात तसं कुणी खेळत नसेल तर ही सोय बंदच असू द्या. त्याच ठिकाणी 'पोर्ट फॉरवर्डिंग'ची यादी आणि 'डीएमझेड' हे दोन्ही बघा. बाहेरून येणाऱ्यांना थेट आतल्या उपकरणाकडे पाठवणाऱ्या या सोयी आहेत. यादी रिकामी आणि डीएमझेड बंद असायला हवं. तुम्ही न टाकलेली नोंद दिसली तर आधी तिचा फोटो काढा, मग ती पुसा.

चौथं काम सोपं पण फार मोलाचं आहे: फर्मवेअर (राउटरमधलं सॉफ्टवेअर) आपोआप अपडेट होण्याचा पर्याय चालू करा. तो नसेल तर 'अपडेट तपासा' असं बटण असतं, ते आत्ता दाबा आणि दर दोन-तीन महिन्यांनी दाबण्याची आठवण फोनमध्ये लावा. कंपनीने ज्या मॉडेलला अपडेट देणं थांबवलं आहे, तो राउटर व्यवस्थित चालत असला तरी बदलायला हवा. त्यातली यापुढे सापडणारी एकही त्रुटी दुरुस्त होणार नाही.

राउटरचं पान उघडंच आहे तर 'गेस्ट नेटवर्क' चालू करून टाका. पाहुण्याला बैठकीत बसवावं, तिजोरीच्या खोलीत नव्हे, तसाच हा प्रकार. पाहुण्यांचे फोन, स्मार्ट टीव्ही, वाय-फायवरचे दिवे, कॅमेरे हे सगळं गेस्ट नेटवर्कवर ठेवा. संगणक आणि स्वतःचे फोन मुख्य नेटवर्कवर. गेस्टमधल्या उपकरणांना मुख्य नेटवर्क पाहू देणारा पर्याय असेल तर तो बंद राहू द्या. गेस्ट नेटवर्कलाही पासवर्ड हवाच.

नेटवर्कचं नाव लपवणं आणि मॅक फिल्टरिंग (उपकरणाचा ओळख क्रमांक, म्हणजे मॅक ॲड्रेस, पाहून प्रवेश देणं) या दोन गोष्टींवर मात्र वेळ घालवू नका. लपवलेलं नाव साध्या साधनांनी कळतं, शिवाय तुमचे फोन-लॅपटॉप बाहेर गेल्यावरही ते नाव पुकारत फिरतात. मॅक ॲड्रेस तर उघड्यावरच प्रवास करतो, त्याची नक्कल करणं सोपं आहे. नावात आडनाव, घर क्रमांक किंवा राउटरचं मॉडेल नसलं की पुरे.

आता संगणक: एका प्रश्नाचं योग्य उत्तर

विंडोज नव्या नेटवर्कला जोडताना ते 'पब्लिक' आहे की 'प्रायव्हेट' हे ठरवतं. लोक विचार करतात की घरचं वाय-फाय खासगी आहे, म्हणून प्रायव्हेट. प्रत्यक्षात या सेटिंगचा अर्थ असा आहे: पब्लिक म्हणजे याच नेटवर्कवरच्या इतर उपकरणांना माझा संगणक दिसू देऊ नको, प्रायव्हेट म्हणजे दिसू दे. इंटरनेट दोन्हींत सारखंच चालतं. म्हणून ज्याला दोन संगणकांमध्ये फाइल्सची देवाणघेवाण करायची नाही, त्याच्यासाठी घरीसुद्धा पब्लिकच योग्य. विंडोज ११ही डीफॉल्ट म्हणून पब्लिकच ठेवतं.

तपासण्यासाठी सेटिंग्ज उघडा, 'नेटवर्क अँड इंटरनेट'मध्ये जा, 'वाय-फाय' निवडा, जोडलेल्या नेटवर्कच्या 'प्रॉपर्टीज' उघडा. वरच दोन्ही पर्याय दिसतील.

त्यानंतर 'विंडोज सिक्युरिटी' हे ॲप उघडून 'फायरवॉल अँड नेटवर्क प्रोटेक्शन'वर जा. डोमेन, प्रायव्हेट, पब्लिक अशा तिन्ही ओळींत फायरवॉल चालू दिसली पाहिजे. पब्लिक उघडल्यावर येणाऱ्या सगळ्या जोडण्या रोखण्याचा चौकोन दिसतो. परवानगी दिलेल्या ॲपनाही तो अडवतो. लॅपटॉप घेऊन सतत बाहेर फिरणाऱ्यांनी तो चौकोन भरावा. घरी एका जागी असलेल्या संगणकाला एवढ्याची गरज नसते.

फायरवॉलची ती त्रासदायक खिडकी कधीतरी येतेच: अमुक ॲपला नेटवर्क वापरू द्यायचं का? न कळणाऱ्याला वाटतं, नाही म्हटलं तर ॲप बंद पडेल, म्हणून तो 'अलाऊ' दाबतो. ही खिडकी बाहेरून आत येणाऱ्या संपर्कापुरतीच असते. 'कॅन्सल' दाबलं तरी ब्राउझर, मेल आणि बहुतेक व्हिडिओ कॉल चालू राहतात. ज्यांच्यासाठी तुम्ही संगणक लावून देता, त्यांना एवढं एकच सांगून ठेवा: ही खिडकी आली की कॅन्सल. खरंच काही अडलं तर नंतर परवानगी देता येते.

शेअरिंगची सेटिंग्ज 'नेटवर्क अँड इंटरनेट'मध्ये 'ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज' आणि त्याखाली 'ॲडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज' इथे असतात. पब्लिकखाली 'नेटवर्क डिस्कव्हरी' आणि 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' दोन्ही बंद. 'पब्लिक फोल्डर शेअरिंग'ही बंद. मे २०१७मध्ये वॉनाक्राय हे रॅन्समवेअर (फाइल्स अडकवून खंडणी मागणारं मालवेअर) विंडोजच्या फाइल शेअरिंगच्या जुन्या पद्धतीतूनच, एसएमबी १मधून, संगणकाकडून संगणकाकडे पसरलं. त्या त्रुटीवरचा इलाज मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिला होता. त्यामुळे 'विंडोज अपडेट' थांबवून ठेवलेलं असेल तर ते आत्ताच चालू करा. फाइल दुसऱ्या उपकरणावर न्यायची तर पेन ड्राइव्ह किंवा ऑनलाइन ड्राइव्ह वापरा. कायम उघडं शेअरिंग कशाला?

'रिमोट डेस्कटॉप' बंद असल्याची खात्री 'सिस्टिम'मध्ये करून घ्या. दुरून मदत करणारं एखादं ॲप कधी टाकलं असेल, तर काम झाल्यावर ते काढून टाका. मदतीला नेहमी जावं लागतं म्हणून पासवर्ड साठवून कायमचा प्रवेश ठेवण्याचा मोह होतो, पण फसवणूक करणारे फोनवरून नेमकी हीच ॲप उघडायला लावतात. विंडोजमधलं 'क्विक असिस्ट' बरं, त्यात प्रत्येक वेळी नवा कोड लागतो. त्यातही एक अट पाळायची: फोन आपण केलेला असावा आणि समोरचा माणूस ओळखीचा असावा.

मॅकवर फायरवॉल बहुधा बंद असते, त्यामुळे ती मुद्दाम चालू करावी लागते. 'सिस्टिम सेटिंग्ज'मधल्या 'नेटवर्क'मध्ये 'फायरवॉल' आहे. मग 'जनरल'मधल्या 'शेअरिंग'मध्ये जाऊन फाइल शेअरिंग, स्क्रीन शेअरिंग, रिमोट लॉगिन, रिमोट मॅनेजमेंट या सगळ्यांची बटणं बंद करा. एअरड्रॉप 'कॉन्टॅक्ट्स ओन्ली'वर ठेवा. उबुंटूमध्येही फायरवॉल असते पण चालू नसते. जीयूएफडब्ल्यू नावाचं छोटं ॲप घेऊन त्यातलं एक बटण सरकवलं की येणारं सगळं बंद आणि जाणारं चालू, अशी मांडणी तयार मिळते.

आणखी एक गोष्ट, जी नेटवर्कची वाटत नाही पण वर केलेलं सगळं टिकवून धरते. रोजच्या वापराचं खातं 'ॲडमिनिस्ट्रेटर' नसावं, 'स्टँडर्ड' असावं. आधी एक वेगळं ॲडमिन खातं तयार करा, त्याचा पासवर्ड जपून ठेवा, मग रोजचं खातं स्टँडर्ड करा. आता कुणी चुकून किंवा एखाद्या प्रोग्रॅमच्या सांगण्यावरून फायरवॉल बंद करायला गेलं, तर ॲडमिन पासवर्ड विचारला जाईल. दुसऱ्यासाठी संगणक लावून देत असाल तर ही पायरी चुकवू नका.

डीएनएस आणि ब्राउझर

वेबसाइटच्या नावावरून तिचा अंकी पत्ता शोधून देणारी सेवा म्हणजे डीएनएस. इथे खोटी माहिती मिळाली तर बरोबर नाव टाइप करूनही माणूस चुकीच्या जागी पोचतो. २००७ ते २०११ या काळात डीएनएसचेंजर या मालवेअरने हेच केलं. एफबीआयच्या म्हणण्यानुसार शंभरहून अधिक देशांतले सुमारे चाळीस लाख संगणक त्याच्या तडाख्यात सापडले होते.

ज्ञात फसव्या साइटची नावं आधीच अडवणारं डीएनएस निवडणं, हे अनुभव नसलेल्या माणसासाठी करता येण्याजोग्या सर्वांत चांगल्या गोष्टींपैकी एक आहे. क्वाड९ ही अशी मोफत सेवा आहे. तिचे पत्ते ९.९.९.९ आणि १४९.११२.११२.११२. क्लाउडफ्लेअरची मालवेअर अडवणारी सेवा १.१.१.२वर आहे. हे पत्ते राउटरमध्ये टाकले की बहुतेक उपकरणांना आपोआप लागू होतात. घराबाहेर फिरणाऱ्या लॅपटॉपवर मात्र ते वेगळे टाका. विंडोज ११मध्ये वाय-फायच्या 'हार्डवेअर प्रॉपर्टीज'मध्ये 'डीएनएस सर्व्हर असाइनमेंट' आहे, तिथे 'मॅन्युअल' निवडा आणि 'डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस' चालू करा.

ब्राउझरमध्ये एकच बदल करा. क्रोममध्ये 'नेहमी सुरक्षित कनेक्शन वापरा' आणि फायरफॉक्समध्ये 'एचटीटीपीएस-ओन्ली मोड' चालू करा. एखादी साइट एन्क्रिप्शनशिवाय उघडू पाहत असेल तर ब्राउझर आधी थांबून विचारेल.

हे झालं की सार्वजनिक वाय-फायची भीती बरीच कमी होते. तिथे नेटवर्क पब्लिक ठेवा, आपोआप जोडण्याचा पर्याय बंद ठेवा, काम झालं की 'फरगेट' करा. मोफत व्हीपीएन (तुमची इंटरनेटवरची सगळी ये-जा स्वतःच्या सर्व्हरमधून नेणारी सेवा) घेऊ नका. तुम्ही कुठल्या साइटवर जाता हे तुमच्या इंटरनेट कंपनीऐवजी त्या व्हीपीएनवाल्याला दिसू लागतं, आणि तो पैसे न घेता ही सेवा का देतो हे तुम्हाला ठाऊक नसतं.

काही अडलं तर

एवढे बदल केल्यावर क्वचित एखादी गोष्ट चालेनाशी होते. तेव्हा घाबरून सगळं उघडून टाकू नका. कशामुळे काय अडतं हे बहुधा ठरलेलं असतं.

वाय-फायवरचा प्रिंटर सापडत नसेल, तर घरच्या नेटवर्कपुरतं पब्लिकचं प्रायव्हेट करा आणि प्रिंटर गेस्ट नेटवर्कवर गेला नाही ना ते बघा. फोनवरून टीव्हीवर चित्र जात नसेल, तर दोन्ही वेगळ्या नेटवर्कवर आहेत. तेवढ्यापुरता फोन गेस्टवर न्या. जुनं उपकरण वाय-फायला जोडलं जात नसेल, तर डब्ल्यूपीए३वरून एकत्र चालणाऱ्या पर्यायावर या. हॉटेलातलं किंवा स्टेशनवरचं लॉगिनचं पान उघडत नसेल, तर डीएनएस थोडा वेळ 'ऑटोमॅटिक' करा, लॉगिन झाल्यावर पुन्हा पूर्ववत. गेम कन्सोलने जोडणीबद्दल तक्रार केली, तर यूपीएनपी चालू करून बघा आणि घरातल्यांनी मिळून ठरवा की ती सोय ठेवायची का.

यातल्या कशानेच सुटलं नाही तर राउटर रीसेट करावा लागतो. मागचं बारीक छिद्र टाचणीने काही सेकंद दाबलं की तो कारखान्यातून आला होता तसा होतो, आणि कारखान्यातला ॲडमिन पासवर्ड, डब्ल्यूपीएस, यूपीएनपी हेही सगळं परत येतं. दुरुस्तीला आलेला माणूससुद्धा बऱ्याचदा हेच करून जातो. तो निघून गेल्यावर बाकीची उपकरणं जोडण्याआधी राउटरचं पान उघडा आणि ॲडमिन पासवर्डापासून पुन्हा सुरुवात करा.